कबुतरांचा राग चिमण्यांच्या पाण्याच्या परळावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर, म्हणजे कबुतरांना दाणे घालायच्या सार्वजनिक जागेवर, 2025 च्या ऑगस्टमध्ये ती बंद करण्यासाठी ताडपत्री चढली आणि तेव्हापासून पक्ष्यांना दाणे घालण्यावरून सोसायट्यांमध्ये सरळ दोन तट पडले. एका तटाला शेजाऱ्याच्या गॅलरीत टांगलेला परळ, म्हणजे पाण्याचे पसरट मातीचे भांडेही खुपते. दुसरा तट कट्ट्यावर पाच-पाच किलो ज्वारी ओतण्यालाच भूतदया समजतो. या सदरात येणारी पत्रेही बहुधा या नाही तर त्या बाजूची असतात. भांडणात एक साधी गोष्ट मात्र कोणीच विचारात घेत नाही. दाणे घातल्याने सगळे पक्षी सारखे वाढत नाहीत.

कबुतराची पिल्ले दाण्यावर वाढतात. नर आणि मादी दोघांच्याही गळ्याखालच्या पिशवीत दुधासारखा घट्ट पदार्थ तयार होतो आणि पहिले काही दिवस पिल्लू त्यावरच पोसते. तो पदार्थ आईबापांनी टिपलेल्या धान्यातूनच बनतो. म्हणून धान्य मिळत राहिले तर कबुतराची जोडी बाराही महिने घरटे करते, दर खेपेला दोन अंडी. चिमणीचे तसे नाही. ती स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या, मावा, छोटे नाकतोडे, कोळी असलेच खाद्य भरवते. बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर यांची पिल्लेही किड्यांवरच वाढतात. तेव्हा कट्ट्यावर पोतेभर बाजरी ओतली तरी आसपास अळी नसेल तर चिमणीचे एकही पिल्लू जास्त जगत नाही, कबुतरे मात्र वाढतात. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर 2020 मध्ये जो अहवाल निघाला, त्यात चिमणी एकूण देशात साधारण टिकून असल्याचे आणि मुंबईसह सहा महानगरांत तिची घट होत असल्याचे म्हटले आहे. या महानगरांत दाण्यांची कधी टंचाई होती असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून अंगणात किंवा गॅलरीत पक्षी यावेत असे वाटत असेल तर आधी पाणी, मग झाडे आणि शेवटी दाणे, तेही मोजून, हा क्रम ठेवावा. पण दाण्यांवरूनच भांडणे होतात, म्हणून तो भाग आधी घेतो.

चिमणीचे वजन 25 ग्रॅमच्या आसपास असते आणि तिला दिवसाला चार-पाच ग्रॅम दाणे पुरतात. म्हणजे मूठभर बाजरीत आठ-दहा चिमण्यांचा दिवस भागतो, आणि बाहेरही त्या खातच असतात. सकाळी पोहे खायच्या चमच्याने दोन-तीन चमचे आणि दुपारी चारच्या सुमारास तेवढेच, एवढे बस. घातलेले दाणे तासाभरात संपले पाहिजेत. दुपारपर्यंत पडून राहत असतील तर माप चुकले असे समजून दुसऱ्या दिवशी निम्मे करावे. बाजरी दोन भाग, तांदळाची कणी एक भाग, राळे मिळाले तर एक भाग, हे मिश्रण चिमण्या आणि मुनिया दोघांना चालते. ज्वारी, गहू, मका, हरभऱ्याची डाळ घातली की कबुतरे आलीच म्हणून समजा. मोठा दाणा त्यांना लांबून दिसतो आणि पटकन पोट भरतो.

कबुतर अडवायला रागापेक्षा जाळी उपयोगी पडते. हार्डवेअरच्या दुकानात दीड इंची चौकोनांची वेल्डमेश जाळी मिळते. तिचा 40 सेंटिमीटर बाजूचा चौकोनी पिंजरा करावा, वर पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे छप्पर, आणि बरोबर मधोमध 12 सेंटिमीटर व्यासाची थाळी. थाळी आणि जाळी यांच्यात चारही बाजूंनी 14 सेंटिमीटर जागा राहते, त्यामुळे बाहेरून मान घालूनही कबुतराला दाणा मिळत नाही. चिमणी, मुनिया, सुगरण आत सहज जातात. दोन इंची जाळी आणली तर साळुंकीही अंग चोरून शिरू शकते आणि मग आत धिंगाणा होतो. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी पातळ जाळी घेऊ नये, तिच्यात पक्ष्यांची नखे अडकतात. कापलेल्या तारांची टोके बाहेर राहिली तर ती कानशीने घासावीत किंवा वाकवून त्यांवर जुनी नळी चिरून बसवावी. थाळीला तळाशी चार-पाच बारीक भोके पाडली की पाणी साचत नाही. हा पिंजरा टांगल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस कोणीही फिरकत नाही, आणि नेमके तेव्हाच लोक तो काढून माळ्यावर टाकतात. चिमण्या नवीन वस्तूला बिचकतात. त्यांना वेळ द्यावा, जागा बदलत बसू नये. खारीला मात्र ही जाळी अडवत नाही. खार आत गेली की दाणे कमी पडतात यापलीकडे काही बिघडत नाही.

कोल्ड्रिंकची बाटली आणि तिच्यात आरपार घातलेले दोन लाकडी चमचे, हा शाळांमधून शिकवला जाणारा फीडर दिसायला छान, पण त्याची दोन दुखणी आहेत. चमच्याच्या वरचे भोक जरा मोठे झाले की निम्मी बाजरी खाली सांडते आणि कबुतरांची पंगत जमिनीवर बसते. दुसरे म्हणजे बाटलीत दमटपणा धरतो आणि तळाचा दाणा कधी बुरसला ते बाहेरून कळत नाही. करायचाच असेल तर भोक एक सेंटिमीटरच्या आत ठेवावे, बाटली पाव भरच भरावी आणि आठवड्याला पूर्ण रिकामी करून उन्हात वाळवावी.

याहून सोपी आणि फुकटात होणारी गोष्ट कोकणातल्या घरांतून पूर्वापार चालत आली आहे. नव्याच्या वेळी भाताच्या लोंब्या दारावर बांधतात आणि मग महिनाभर त्यांवर चिमण्या लोंबकळत असतात. देशावर बाजरीचे कणीस तेच काम करते. कणीस देठाने सुतळीला बांधून उलटे टांगावे. नायलॉनची दोरी नको, तिचे धागे पायात गुंतून बोटे कापली जातात. वाऱ्यावर हलणाऱ्या कणसाला चिमणी आणि मुनिया नखांनी धरून राहू शकतात, कबुतराला ते जमत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात बाजरीची पाच-सात कणसे घेऊन कडक उन्हात वाळवून ठेवली तर हिवाळाभर पुरतात. मुनिया कणसावर बसली की तिच्या छातीवरचे पांढरे-तपकिरी खवले दुर्बिणीशिवाय दिसतात. ती एकेक दाणा चोचीत गोल फिरवून टरफल बाजूला टाकते आणि खाली टरफलांचा बारीक भुगा साचतो. तो रोज झाडावा, नाही तर मुंग्या लागतात.

काय घालू नये हे सांगणे जास्त गरजेचे आहे. घरात वर्षाचा गहू भरताना बोरिक पावडर चोळलेली असते, तो गहू पक्ष्यांना घालू नये. धान्याच्या डब्यात विषारी गोळ्या टाकलेल्या असतील तर त्यातलेही नाही. गावाकडे पेरणीनंतर उरलेले गुलाबी किंवा निळ्या रंगाचे बियाणे ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून अंगणात फेकतात. त्या रंगाखाली बुरशीनाशक आणि कीटकनाशक असते आणि ते खाऊन पक्षी मरतात. फरसाण, चिवडा, खारे शेंगदाणे यांतले मीठ एवढ्याशा जिवाला झेपत नाही. पावाने पोट भरते, बाकी काही मिळत नाही. बिनमिठाचा भात थोडासा चालतो, पण उन्हाळ्यात दोन तासांत आंबतो, म्हणून उरलेला लगेच उचलावा. कुबट वास येणारे शेंगदाणे तर अजिबात नकोत, त्यांवरच्या बुरशीचे विष यकृतावर जाते. कच्चा तांदूळ पोटात फुगून चिमणी मरते, ही मात्र निव्वळ अफवा आहे.

फळांसाठी वेगळी जागा करावी. गॅलरीच्या कठड्याला लाकडी फळी आणि तिच्यावर एक खिळा, त्यावर अर्धी पपई, जास्त पिकलेले केळे किंवा चिकू. यावर बुलबुल, तांबट आणि कोकीळ येतात, साळुंक्या तर येतातच. फळ आणि दाणे दोन्ही सूर्यास्ताआधी आत घ्यावेत. रात्रभर बाहेर राहिले की उंदीर आणि घुशी येतात, आणि मग शेजाऱ्यांची तक्रार रास्तच म्हणायची. मुंग्यांसाठी तारेला ग्रीस फासू नये, ते पिसांना चिकटले की निघत नाही. टांगायच्या तारेवर पाण्याने भरलेले छोटे झाकण बसवले की मुंग्या तिथेच थांबतात.

शिंजिरांसाठी साखरपाण्याच्या लाल बाटल्या हल्ली ऑनलाइन मिळतात. आमचे मत, घेऊ नयेत. आपल्या हवेत ते पाणी दिवसभरातच आंबू लागते आणि रोज उकळत्या पाण्याने बाटली धुणारे लोक फार थोडे. एका कुंडीत हामेलिया आणि दुसरीत जास्वंद लावली तर शिंजीर स्वतःहून येतो. परदेशी व्हिडिओ पाहून चरबीचे गोळे टांगणाऱ्यांनाही हेच सांगणे. ते खाद्य बर्फ पडणाऱ्या देशांतले आहे. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी तिशीपर्यंत पारा जातो, चरबी वितळते आणि पिसांना लागते.

आता पाणी. यासाठी मातीच्या परळासारखे दुसरे भांडे नाही. व्यास 35 ते 40 सेंटिमीटर, काठाशी पाण्याची खोली एक सेंटिमीटर आणि मध्ये फार तर चार-पाच. कुंडीखालची मातीची ताटलीही चालते. स्टीलचे पातेले उन्हात चटका देते, प्लास्टिकच्या गुळगुळीत टबात पाय घसरतो आणि खोल बादलीत चिमणी बुडून मरते. मध्ये एक खरबरीत दगड ठेवावा, म्हणजे शिंपीसारख्या छोट्या पक्ष्यालाही उतरता येते. परळ सावलीत ठेवावा, पण दाट झुडपाला चिकटून नको. दोन-तीन मीटर मोकळी जागा असली की दबा धरलेले मांजर वेळेत दिसते. जमिनीपेक्षा दीड मीटर उंचीवर असेल तर उत्तम. कावळ्यांसाठी वेगळे भांडे लांब ठेवावे. कावळा कोरडी भाकरी आणि कुठून कुठून आणलेली हाडे पाण्यात भिजवून खातो आणि अर्ध्या तासात पाणी कोणाच्या प्यायच्या लायकीचे राहत नाही.

पाणी रोज बदलावे हे सगळेच सांगतात. पण नुसते बदलून भागत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी पाण्यात तरंगत सोडत नाही, भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून पाणी ओतून देताना काठ काथ्याने घासणे हा या कामाचा मुख्य भाग आहे. साबण नको. पंधरवड्यातून एकदा एक भाग द्रव ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात परळ दहा मिनिटे बुडवावा, मग भरपूर पाण्याने धुऊन वास जाईपर्यंत उन्हात ठेवावा. दोन परळ घेतले तर एक वाळतो आणि एक वापरात राहतो. पालिकेचे कर्मचारी डासांच्या तपासणीला येतात तेव्हा घासलेला परळ आणि विसरलेला परळ यांतला फरक त्यांनाही कळतो. दंड होतो तो विसरलेल्याला.

परळाचा आणखी एक उपाय फार थोड्यांना माहीत आहे. औषधाच्या दुकानातून सलाईनचा नवा कोरा सेट आणावा, दोन लिटरच्या बाटलीला जोडावा आणि परळावर टांगून सेकंदाला एक थेंब पडेल असे चक्र लावावे. नेहमीच्या सेटचे 20 थेंब म्हणजे एक मिलिलिटर. या हिशेबाने तासाला 180 मिलिलिटर पाणी लागते आणि दोन लिटर अकरा तास पुरतात, म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंत. स्थिर पाण्याकडे न फिरकणारे वटवटे, माशीमार, नाचण या थेंबाच्या आवाजावर आणि पाण्याच्या हालचालीवर येतात. शिंजीर आणि चष्मेवाला तर परळात उतरण्यापेक्षा ओल्या पानांवर अंग घासून अंघोळ करणे पसंत करतात. सकाळी झाडांवर झारीने पाणी मारले की पाच मिनिटांत हा प्रकार बघायला मिळतो. चिमण्यांना पाण्याइतकीच धूळही लागते. बारीक कोरडी माती आणि वाळू समसमान घालून एक पसरट ट्रे उन्हात ठेवावा, त्या त्यात खड्डे करून लोळतात.

ऋतूंप्रमाणे हे सगळे बदलत जाते आणि खरी गंमत तिथे आहे.

मार्च ते मे पाण्याचे महिने. 20 मार्चचा जागतिक चिमणी दिवस 2010 पासून पाळला जातो, त्याची सुरुवात नाशिकच्या संस्थेने केली, आणि त्या आठवड्यात गावोगावी परळ वाटले जातात ते बरोबरच आहे. विदर्भात पारा 45 ला टेकतो तेव्हा कावळे, साळुंक्या चोच उघडी टाकून धापा टाकताना दिसतात. पक्ष्यांना घाम येत नाही, ते असेच अंग थंड करतात. अशा दिवसांत अकरा ते चार या वेळात परळाशेजारी जितके प्रकार दिसतात तितके वर्षभरात दिसत नाहीत. दाणे मात्र या काळात कमी करावेत. वड, उंबर, पुढे करवंद, जांभूळ भरात असतात आणि पिल्लांना किडेच हवे असतात. याच महिन्यांत बुलबुल आणि दयाळ खिडकीच्या काचेवर किंवा गाडीच्या आरशावर चोची मारत बसतात. त्यांना आपलेच प्रतिबिंब शेजारी आलेला प्रतिस्पर्धी वाटते. आरशावर जुना मोजा चढवला की प्रश्न मिटतो.

मे-जूनमध्ये कावळ्यांची घरटी असतात आणि त्या झाडाखालून जाणाऱ्याच्या डोक्यावर टोचा बसतो. दोन-तीन आठवडे छत्री घेऊन जावे, घरटे पाडू नये. त्यातच कोकिळेची अंडी असतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये कावळा कोकिळेच्या पिल्लाला भरवताना दिसतो.

पाऊस लागला की फीडर बंद. यावर लोक सर्वात जास्त हुज्जत घालतात. ‘एवढ्या पावसात बिचारे खाणार काय?’ बिचाऱ्यांचे सणाचे दिवस हेच असतात. किडे-अळ्या अमाप असतात, गवताला बी येते, सुगरणी बाभळीवर आणि शिंदीवर घरटी विणतात, शिंपी मोठी पाने शिवतो. आपली बाजरी मात्र एका रात्रीत ओली होते, दोन दिवसांत तिला मोड किंवा बुरशी येते. पक्क्या छज्जाखालची, पाऊस अजिबात न लागणारी गॅलरी असेल तरच चमचाभर घालावी, नाही तर जूनच्या पहिल्या आठवड्यात पिंजरा धुऊन आत ठेवावा. त्याऐवजी दोन गोष्टी कराव्यात. एका कुंडीत आपोआप उगवलेले गवत उपटू नये, त्याला तुरे येऊ द्यावेत. मुनिया ते उभे बी खातातच, शिवाय घरट्यासाठी लांब पाती सोलून नेतात. आणि सोसायटीच्या कुंपणाच्या मेंदीची, बोगनवेलीची छाटणी जून ते सप्टेंबर थांबवावी. कीटकनाशकाची फवारणीही. छाटणी करणाऱ्या माळ्याला घरटे दिसतच नाही, दिसते तेव्हा ते खाली पडलेले असते.

सप्टेंबरअखेर ‘आमच्याकडच्या चिमण्या गेल्या’ अशी हाकाटी सुरू होते. शहराच्या कडेला राहणाऱ्यांच्या चिमण्या बाजरीच्या रानात गेलेल्या असतात, त्या परततात. ऑक्टोबरच्या उकाड्यात परळ पुन्हा महत्त्वाचा होतो आणि आता त्यावर पाहुणे येतात. करडा धोबी शेपटी वरखाली हलवत गच्चीवरच्या ओल्या जागेत फिरतो, थिरथिरा कठड्यावर बसून शेपटी थरथरवतो, माशीमार झाडाच्या सावलीतून पाण्यावर उतरतो. यांतला एकही दाण्याला तोंड लावत नाही. फक्त दाणे घालणाऱ्या घराला हे पाहुणे कधीच कळत नाहीत. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत कणसे आणि पिंजऱ्यातला फीडर दोन्ही चालू ठेवायला हरकत नाही, हवा कोरडी असते. हिवाळ्यात भल्या पहाटे उठून बसण्यात अर्थ नाही, ऊन जरा वर आल्यावरच वर्दळ सुरू होते. फेब्रुवारीत पळस, पांगारा, काटेसावर फुलले की भोरड्यांचे थवे तिकडे वळतात. संक्रांतीच्या आसपास मात्र फीडरच्या जवळच्या झाडात अडकलेला मांजा काठीने काढून टाकावा. नायलॉनच्या मांजावर 2017 पासून देशभर बंदी असली तरी तो झाडांवर लोंबताना दिसतोच.

अचानक सगळे चिडीचूप झाले, खार चिर्र करून खोडाला चिकटली आणि सातभाईंनी कलकलाट केला, तर वर बघावे. बहुधा शिक्रा हा शिकारी पक्षी असतो. त्याने एखादी चिमणी उचलली म्हणून दगड मारायला धावू नये. तो रोजच येऊ लागला तर फीडर चार-पाच दिवस बंद ठेवावा, तो दुसरीकडे जातो.

काचेवर आपटून मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या नव्या इमारतींत वाढते आहे. फीडर आणि परळ काचेपासून एक मीटरच्या आत ठेवावा किंवा दहा मीटरच्या पलीकडे. जवळून उडाला तर पक्ष्याला वेग आलेला नसतो. मधल्या अंतरात धोका जास्त. एखाद-दुसरे गरुडाचे चित्र चिकटवून काही होत नाही, काचेवर बाहेरून दर पाच सेंटिमीटरवर ठिपके किंवा पट्ट्या हव्यात.

आजाराबद्दल फीडर लावणारे बोलायचे टाळतात, म्हणून स्पष्ट लिहितो. सपाट थाळीवर गर्दी झाली की पक्षी एकमेकांच्या लाळेने आणि विष्ठेने माखलेले दाणे खातात. ब्रिटनमध्ये 2005 नंतर ग्रीनफिंच हा पक्षी ट्रायकोमोनास या परजीवीमुळे झपाट्याने घटला आणि तिथली पक्षिसंरक्षणातली मोठी संस्था, आरएसपीबी, हिने 2025 मध्ये सपाट फीडरची विक्री थांबवली. हाच परजीवी कबुतरांचा आणि होल्यांचा जुना रोग आहे, म्हणजे आपल्याकडे कबुतरांची गर्दी टाळायला हे आणखी एक कारण. पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून थाळीशेजारी बसलेला आणि जवळ गेले तरी न उडणारा पक्षी दिसला की फीडर दोन आठवडे बंद करावा आणि ब्लीचने धुवावा. कबुतरांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये. तिच्या धुळीने फुप्फुसांना कायमची सूज येऊ शकते, दम्याच्या रुग्णांनी तर लांबच राहावे. आधी पाणी शिंपडावे, तोंडाला मास्क लावावा, मग खरवडावे. बर्ड फ्लू महाराष्ट्रात 2006 मध्ये नवापूरला आणि 2021 मध्ये परभणीत आला होता. आसपास कावळे मरून पडू लागले तर दाणापाणी दोन्ही थांबवून पशुसंवर्धन विभागाला कळवावे, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये.

एप्रिल-मेमध्ये जमिनीवर पिल्लू सापडले की लोक ते खोक्यात घालून दूध-पाव भरवतात. पिसे आलेले, उड्या मारणारे, आखूड शेपटीचे पिल्लू हरवलेले नसते, उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच्या फांदीवर असतात. ते फक्त मांजराच्या वाटेवरून उचलून झुडपात ठेवावे. माणसाचा वास लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. रक्त येत असेल किंवा पंख लोंबत असेल तर भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवून वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करावा.

लावलेल्या फीडरची नोंद ठेवायची असेल तर पद्धत एकच ठेवावी. ठरलेली 15 मिनिटे बसावे आणि प्रत्येक जातीचे एका वेळी दिसलेले जास्तीत जास्त पक्षी लिहावेत. येईल तसा प्रत्येक पक्षी मोजत गेलो, तर तीच चिमणी पाचदा आली की बेरीज पाच होते आणि वही खोटी ठरते. एकही पक्षी आला नाही तर शून्य लिहावे, पान कोरे सोडू नये. फेब्रुवारीत चार दिवस होणाऱ्या जागतिक अंगण-पक्षिगणनेत भारत 2013 पासून भाग घेतो. तिथेही किमान 15 मिनिटांचीच अट आहे आणि ई-बर्ड या ॲपवर नोंद करता येते. आपल्याकडे 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह शासन 2020 पासून पाळते. त्या सप्ताहात शाळांना फीडर बनवायला लावण्यापेक्षा अशी नोंदवही सुरू करायला लावावी, ती फेब्रुवारीपर्यंत भरत येते.

आपल्या दैनिकाला एक विनंती. पक्ष्यांना पाणी ठेवा असे आवाहन आपण दरवर्षी उन्हाळ्यात छापता. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच जागी दोन ओळी छापाव्यात: दाणे आत घ्या, परळाचे काठ घासा.

आपले नम्र,
पक्षिनिरीक्षण करणारे काही वाचक, सातारा